राणी नसलेलं त्सारित्सिन

रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या त्सारित्सिन शहराच्या नावात राणी दडली आहे, असं कुणालाही वाटेल. रशियनमध्ये त्सार म्हणजे झार आणि त्सारित्सा म्हणजे त्याची राणी. हिशेब सोपा आहे, पण बहुधा चुकीचा.

कझान आणि अस्त्राखान ही तातारांची राज्यं घेतल्यावर व्होल्गेवरची व्यापारी वाट राखायला रशियाने १५८९ साली इथे गढी उभारली. इथेच त्सारित्सा नावाची लहानशी नदी व्होल्गेला मिळते. मुलूख आधी तातारांचा, आणि त्यांच्या तुर्की बोलीत ‘सारी सू’ म्हणजे पिवळं पाणी. अभ्यासकांचा कल असा, की रशियन कानांनी त्या मातकट ओढ्याची परस्पर राणी करून टाकली. परक्या नावात ओळखीचा शब्द ऐकू आला की तो सोडवत नाही. आपल्याकडेही गावोगावच्या व्युत्पत्त्या पारावर अशाच तयार होतात.

ही बढती पुढे महागात पडली. झारशाही गेली, तिथे राणीचं नाव कोण ठेवणार? यादवी युद्धात १९१८ साली स्टालिन या शहरात होता, ते निमित्त साधून १९२५ मध्ये त्याचं स्टालिनग्राड झालं. म्हणजे गढूळ पाण्याला राजघराण्याची शिक्षा! नदीही सुटली नाही. सोव्हिएत काळात ती ‘पियोनेरका’ झाली, गळ्यात लाल रुमाल बांधणाऱ्या शाळकरी पोरांच्या संघटनेवरून. शहरातला तिचा शेवटचा टप्पा तर पुढे जमिनीखालच्या नळातच घातला.

स्टालिनग्राड हे नाव टिकलं जेमतेम छत्तीस वर्षं. १९६१ च्या ३१ ऑक्टोबरला स्टालिनचं शव मॉस्कोच्या समाधीतून रातोरात हलवलं आणि १० नोव्हेंबरला शहर व्होल्गोग्राड झालं. हे नाव बिनधोक. नदीवर कुणाचा राग नसतो. पण दुसऱ्या महायुद्धातल्या १९४२-४३ च्या इथल्या लढाईने जुनं नाव जगाच्या जिभेवर असं बसवलंय, की पॅरिसच्या मेट्रोत आजही स्टालिनग्राड नावाचं स्टेशन आहे.

खुद्द गावातही ते पुरतं गेलेलं नाही. लढाईच्या स्मृतिदिनांना शहर अधिकृतपणे स्टालिनग्राड म्हणवून घेतं. २०२५ मध्ये पुतिन यांनी विमानतळालाही तेच नाव दिलं. आता विमान स्टालिनग्राडला उतरतं आणि टॅक्सी व्होल्गोग्राडला सोडते. त्सारित्सिनच बरं होतं म्हणणारेही आहेत, त्यांची सोय अजून कुणी केलेली नाही.