घोडी तयार होती, रिपोर्ट नव्हता

प्रदर्शनाला घोडी न्यायची म्हटलं की लोकांना खरारा, नाल, झूल एवढंच दिसतं. आमची मैना त्यात कुठंच अडली नाही. आम्ही अडलो ते तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात, रक्ताच्या एका नळीपायी. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातले. माउलींच्या पालखीचे अश्व ज्या अंकलीहून आळंदीला जातात, ते गाव आमच्याच तालुक्यातलं. घोड्याची हौस इकडं नवीन नाही. मैना मारवाडी, कुमैत म्हणजे तांबूस रंगाची, पंचकल्याण म्हणजे चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेली; कान टवकारले की टोकाला टोक भिडतं. दत्तजयंतीला तिला महाराष्ट्रात, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला न्यायची हे दिवाळीतच ठरलं होतं.

राज्याची हद्द ओलांडायची तर डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला हवा, आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा रिपोर्ट बघितल्याशिवाय दाखल्यावर सही नाही. तपासणीबद्दल माझी काडीची तक्रार नाही. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि पॉझिटिव्ह निघालेलं जनावर २००९ च्या कायद्याखाली मारावं लागतं. शेकडो घोडी एका मैदानात बांधायची तर हे बघायलाच हवं. माझा राग आहे तो नमुना सांभाळण्यातल्या हयगयीवर.

रक्त डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून काढलं, हात इतका हलका की घोडी जागची हलली नाही. पुढचं काम खरं नाजूक. रक्त साध्या नळीत गोठू द्यायचं, वर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, दुसऱ्या नळीत काढून घ्यायचं, आणि बर्फाच्या पिशव्यांसकट थर्माकोलच्या डब्यातून प्रयोगशाळेला धाडायचं. आमची नळी सीरम न काढता तशीच फ्रिजमध्ये पडून राहिली. डबा नेणारा माणूस रजेवर, मग रविवार, मग कसलीशी सुट्टी. मी विचारायला गेलो की टेबलामागचे गृहस्थ मान वर न करता कन्नडमध्ये म्हणायचे, "नाळे बर्री." म्हणजे उद्या या. उद्या गेलं की पुन्हा नाळे बर्री. घरी मैना रोज चकचकीत होत चाललेली आणि मी इकडं त्या बाकावर. शेवटी नमुना गेला, आणि परत कळलं काय, तर तांबड्या पेशी फुटून सीरम लाल झालंय, तपासणीला चालत नाही. हेही कुणी फोन करून सांगितलं नाही. मीच विचारायला गेलो तेव्हा कळलं.

"आता काय करायचं, साहेब?" म्हटलं.

"परत काढायचं की रक्त. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! दत्तजयंती कुणासाठी थांबणार होती का? दुसऱ्यांदा मी तिथून हललो नाही. सीरम डोळ्यांसमोर काढून घेतलं. घोडीच्या अंगात ओळखीसाठी बसवलेल्या चिपचा नंबर नळीवर नव्हता, तो लिहायला लावला. अर्जात घोडीच्या जागी नर आणि रंग नुसता 'ब्राउन' पडला होता, ते पान फाडून नवीन लिहून घेतलं. कपाळाचा टिळा, चारी पाय पांढरे, सगळं त्यात आलंच पाहिजे, कारण पुढं घोडी आणि कागद एकमेकांशी जुळवून बघतात. मग डॉक्टरांचं पत्र आणि डबा घेऊन मीच रात्रीची गाडी धरली. प्रयोगशाळेत काम चोख. एलायझा चाचणीत जराही शंका आली असती तर नमुना खात्रीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेला असता आणि यंदाचं सारंगखेडं संपलं असतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या संध्याकाळी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

आता बाकीचं, जसं आठवेल तसं.

नाल आदल्या दिवशी ठोकू नका. आमचे नालबंद मामू आठवडाभर आधी येतात. एखादा खिळा आत जिवंत भागाजवळ गेला तर लंगडं पाऊल दोन-तीन दिवसांत कळतं, उपाय करायला वेळ राहतो. धनुर्वाताचं इंजेक्शनही असंच आधी उरकावं. मान दुखली की जनावर हात लावू देत नाही.

शांपूची अंघोळ शेवटच्या दिवशी नको. त्यानं केसांचं अंगचं तेल जातं आणि तकाकी मरते. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी एकदा धुवायची आणि मग रोज खरारा, नंतर नुसतं सुती फडकं. चमक खराऱ्यानं येते, बाजारच्या तेलानं आली तर धूळ बसते.

आमच्याकडं गळीत हंगामात उसाचं वाडं फुकट मिळतं, म्हणून लोक घोड्यालाही टाकतात. प्रवासाआधी अजिबात नको. चंदीत कसलाच एकदम बदल करू नये, पोटशूळ उठला तर धुळ्याच्या रस्त्यावर रात्री डॉक्टर कुठून आणणार? हरभरा, कोंडा, वाळका कडबा, सगळं घरचंच गाडीत भरावं.

दाखला इंग्रजीतच मागून घ्या. कन्नड कागद कागलच्या पुढं, म्हणजे महाराष्ट्रात, कुणी वाचत नाही. हद्दीजवळच्या कोगनोळी नाक्यावर आमचे कागद बघितले, चिप नंबर बघितला आणि लगेच सोडलं.

सारंगखेड्याला मैना मैदानात मान उंच काढून उभी राहिली. भोंगे, हलगी, गर्दी, कशालाही बिचकली नाही, कारण शेवटचे दिवस तिच्या पागेबाहेर आम्ही ट्रॅक्टरचा टेप मोठ्यानं लावून ठेवायचो. तिला नंबर मिळाला, आणि मला तिचा फार अभिमान आहे.

पाण्याची बादली मात्र स्वतःचीच न्या, आणि शेजारच्या घोड्याला तोंड घालू देऊ नका. ग्लँडर्स नाकाच्या स्रावातून एकत्र दाणापाण्यावर पसरतो, आणि परत आल्यावरही जनावर काही दिवस पागेतल्या इतरांपासून लांबच बांधावं.