दाद नेमकी कुठे द्यायची?

बोस्टनजवळ हार्वर्ड स्क्वेअरला रेड लाइन मेट्रोमधून उतरून वर आलं की विद्यापीठाचं मोठं थोरलं पुस्तकांचं दुकान लागतं. त्याच्या मागच्या अंगाला पामर स्ट्रीट आहे. नाव स्ट्रीट, पण ऐवज बोळाचा. पुण्यात पेठेत असता तर दोन रिक्षा समोरासमोर येऊन त्यात भांडल्या असत्या. या बोळात ४७ नंबरला तळघरात उतरलं की क्लब पासिम, अमेरिकन लोकसंगीताचा. क्लब म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे फिरते दिवे आणि छातीत धडधडणारा ढणढणाट येतो, त्यांनी तो वरच्या पायरीवरच ठेवून यावं. खाली शंभराच्या आसपास खुर्च्या, गुडघे आपटतील अशी टेबलं आणि समोर बुटकं स्टेज. पुढे बसलात तर गायकाच्या बुटाची लेस सुटलेली दिसते, आणि ती त्याला सांगावी की नाही या विचारात पहिलं गाणं निघून जातं.

हे ठिकाण बड्या नावांचं आहे, पण ती नावं इथे आली तेव्हा बडी नव्हती. १९५८ साली दोन तरुण मुलींनी जवळच माउंट ऑबर्न स्ट्रीटवर ‘क्लब ४७’ काढला, तोही जॅझसाठी. जोन बाएझ तिथे पहिल्यांदा गायली तेव्हा सतरा वर्षांची होती. श्रोते आठ: आईवडील, बहीण, मित्र आणि त्यांच्या ओळखीतले काही. मानधन दहा डॉलर. पहिल्या कार्यक्रमाला घरच्यांनीच खुर्च्या भरायच्या, ही रीत पुण्या-सांगलीचीच असेल असं मला उगाच वाटत होतं. बॉब डिलन इथे दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात फुकट गायचा असं सांगतात, ‘मी क्लब ४७ मध्ये गायलोय’ असं म्हणता यावं म्हणून. १९६३ मध्ये क्लब पामर स्ट्रीटवर आला, १९६८ मध्ये बंद पडला. मग एका जोडप्याने त्याच तळघरात पुस्तकं आणि भेटवस्तूंचं दुकान चालवता चालवता गाणं पुन्हा सुरू केलं. आता ती ना-नफा संस्था आहे. देणग्या, वर्गण्या, गिटारचे क्लास. आपल्याकडच्या एखाद्या गायन समाजाचा संसार चालावा तसंच सगळं.

साठच्या दशकातल्या अशा कॉफीहाऊसांनी नव्यांना उभं केलंच, पण हरवलेल्या म्हाताऱ्यांनाही शोधून आणलं. त्यातली मिसिसिपी जॉन हर्टची गोष्ट मला फार आवडते. हा शेतावर राबणारा काळा माणूस. १९२८ मध्ये त्याची काही गाणी रेकॉर्ड झाली, ती फारशी खपली नाहीत, आणि तो परत गावी जाऊन पुढची पस्तीस वर्षं शेतीच्या कामाला लागला. तो जिवंत आहे की नाही हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पण एका गाण्यात त्याने आपल्या गावाचं नाव घातलं होतं: अ‍ॅव्हलॉन. १९६३ मध्ये काळ्या लोकांच्या या गाण्यांच्या, म्हणजे ब्लूजच्या, एका वेड्या तरुणाने नकाशात ते गाव हुडकलं, तिथे जाऊन चौकशी केली, तर म्हातारबुवा घरीच. आपल्याकडे ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असते म्हणून अभंग कुणाचा ते कळतं. इथे मुद्रेने माणूसच सापडला. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो लोकांपुढे गायला, आणि १९६६ मध्ये गेला. मधली तीन वर्षं तो कॉफीहाऊसांतून गात हिंडला. त्याची रेकॉर्ड ऐकली की कळतं, हा माणूस ओरडत नाहीच. शेजारच्या खाटेवर कुणी झोपलंय अशा बेताने गातो. असा आवाज ऐकायला खोलीच लागते.

आणि खोली म्हटली की शिस्त आली. गाणं चालू असताना इथे कुणी बोलत नाही. खाणंपिणं टेबलावर येतं, पण आणून देणारी मुलं मांजरीच्या पावलांनी येतात आणि बोटांच्या खुणांनी विचारतात. माझी पंचाईत सुरू होते ती इथे. मी वाढले बैठकीत. चांगली जागा आली की ‘वा’ निघालाच पाहिजे, समेवर हात उचलला गेलाच पाहिजे. गवयालाही तो हवा असतो, मिळाला नाही तर तो बिचारा पेटीवाल्याकडे बघतो. इथे एखादी बाई काळजात सुरी फिरवणारी ओळ गाते आणि शंभर माणसं ढिम्म. श्वाससुद्धा हिशेबात. शेवटची तार विरून जाते, मग एक क्षण कुणीच काही करत नाही, आणि मग टाळ्या. तोवर माझा ‘वा’ घशात शिळा झालेला असतो.

सगळ्याच प्रकारांना हा नियम लागू नाही, हे हळूहळू उमगलं. ब्लूग्रास म्हणजे बँजो-मँडोलिनवरचं द्रुत गाणंबजावणं; त्यात एकेक वादक आळीपाळीने आपला तुकडा वाजवतो, त्याला ‘ब्रेक’ म्हणतात, आणि ब्रेक संपला की गाणं चालू असतानाच टाळ्या पडतात. ब्लूजला मागच्या टेबलावरून कुणीतरी ‘येस सर!’ म्हणून हुंकार देतो आणि ते चालतं. जुनं लांबलचक कथागीत असेल, एखाद्या मुलीचा खून आणि नदी आणि पुढे फाशी अशी सव्वीस कडवी, तर मात्र गप्प बसायचं. मधे टाळी वाजवणं म्हणजे खुनाला वाजवल्यासारखं होईल.

ब्लूग्रासची जुन्या पद्धतीची मंडळी आली की मी गाण्याइतकीच त्यांच्या हालचालींकडे बघत बसते. पाचजणांत एकच माइक, मधोमध. फिडलवाल्याची (फिडल म्हणजे व्हायोलिनच) पाळी आली की तो पुढे सरतो, मँडोलिनवाला तिरका होऊन मागे जातो, गायक मान बाजूला घेतो, डबल बेसवाला आपलं कपाट सांभाळत जागचा हलत नाही. कडवं आलं की तिघं पुन्हा माइकपाशी डोकी जुळवतात. फिडलचा गज कुणाच्याही डोळ्यात जात नाही. वारकऱ्यांची पावली बघताना वाटतं तसंच वाटतं, की हे शिकवून येत नाही, एकमेकांबरोबर चालून चालून येतं. आणि आवाजाचा तोलही कुठलं मशीन सांभाळत नाही. ज्याला मोठं ऐकू यायचं त्याने जवळ यायचं, झालं की मागे व्हायचं. (आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात निवेदकालाही हे जमलं तर बरं होईल.)

ध्रुवपद आलं की मात्र श्रोत्यांना सुटका नाही. गायक आधी एकदा म्हणून दाखवतो, मग आपल्याकडून म्हणवून घेतो, आणि आवाज कमी पडला तर कीर्तनकारबुवांसारखा लाडिक राग दाखवतो. पहिल्या वेळी मी निर्धास्त होते; टाळकऱ्यांत बसायची सवय आहे, धरू चाल. पण दुसऱ्या फेरीला शेजारच्या काकू एकदम वेगळ्याच सुरात शिरल्या. पलीकडचा दाढीवाला त्याहून खाली. कुणी काही ठरवलेलं नव्हतं. चर्चमध्ये, शाळेच्या कॉयरमध्ये लहानपणापासून गाऊन या लोकांचे गळे आपोआप आपापला मजला शोधतात. दिवसभर इन्शुरन्सचे फॉर्म भरणारी माणसं संध्याकाळी तीन सुरांत वाटली जातात आणि ते तीन सूर जुळतात. आपण सगळे मिळून एकाच सुरात जाणारे लोक. मी मूळ चालच घट्ट धरून बसते. कुणीतरी धरायला हवीच.

मधल्या काळात जुळवाजुळव. बोस्टनच्या हिवाळ्यात गिटार बाहेरच्या थंडीतून आत येते, तळघराची ऊब लागली की तारा उतरतात, त्यातून प्रत्येक गाण्याला निराळी जुळणी आणि दांडीवर तो चिमटा, कॅपो, वर-खाली. गिटारच्या टोकाला चिकटवलेलं बोटभर यंत्र सूर लागला की हिरवं होतं. बँजोवाल्यांचा एक जुना विनोद आहे: अर्धं आयुष्य बँजो जुळवण्यात जातं आणि उरलेलं न जुळलेला बँजो वाजवण्यात. आपल्याकडे तंबोरे जुळत असताना सभागृह खोकून घेतं. इथे तेवढ्या वेळात गोष्ट सांगायची असते. आजोबांची, बिघडलेल्या गाडीची, नेब्रास्कातल्या मोटेलची. त्या गोष्टी सहज सुचल्यासारख्या वाटतात, पण तोच गायक पुढच्या वर्षी आला तर तीच गोष्ट त्याच ठिकाणी तसाच अडखळून सांगतो. मला यात फसवणूक वाटत नाही. बंदिशही पाठच असते की.

ओपन माइकची संध्याकाळ त्याहून गमतीची. नाव लिहून द्यायचं, वाट बघायची, पाळी आली की एक-दोन गाणी. एकदा सत्तरीचे एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, कागद हातात, कागद थरथरतोय. बर्फ उपसण्याच्या फावड्यावर त्यांनी गाणं केलं होतं, बायको गेल्यानंतरचं, पण बायकोचा उल्लेख फक्त दुसऱ्या फावड्यापुरता. दुसऱ्या कडव्यात ते अडकले. थांबले. कागदावर बोट ठेवून शोधू लागले. आणि शंभर माणसं अशी काही निवांत बसून राहिली, जणू ती विश्रांती गाण्यातच लिहिलेली होती. मग सापडलं. त्या रात्री त्यांच्यानंतर एक मुलगी आली, तयारीची, बोटं विजेसारखी. टाळ्या तिलाही पडल्या, पण त्या आजोबांइतक्या नाही. गुणवत्तेच्या हिशेबाने हे चूक आहे आणि मला ते पूर्ण मान्य आहे.

तळघरातलं गाणं आम्हा इथल्या मराठी लोकांना तसं अपरिचित नाही. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईचे गायक-वादक दौऱ्यावर येतात आणि शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बैठक होते. गालिच्यावर पांढऱ्या चादरी, मागे गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्या, मध्यंतरात चहा-सामोसे, पाकिटातून मानधन. हिवाळ्यात कुणी सापडलाच तर विलंबित रंगात आलेलं असताना घर तापवणारी भट्टी सुरू होते आणि तिचा स्वतःचा वेगळाच षड्ज लावते. गंमत म्हणजे पासिमला येणारे गायकही याच वाटेने देशभर फिरतात. स्वतःची गाडी स्वतः चालवायची, मधल्या वारी कुणाच्या दिवाणखान्यात तीस-चाळीस माणसांपुढे गायचं, टोपलीत पडेल ते घ्यायचं, यजमानांच्याच सोफ्यावर झोपायचं. त्यांच्या भाषेत हाऊस कॉन्सर्ट. दोन्ही मंडळी एकाच गावात राहतात आणि एकमेकांच्या तळघरांत सहसा उतरत नाहीत, ही मात्र खंत आहे.

म्हणून बाबा आले तेव्हा त्यांना पासिमला घेऊन गेले. बाबा सांगलीचे, तरुणपणी सतार शिकलेले, नोकरीत ती मागे पडली. त्या दिवशी बँजो आणि फिडल अशी जोडी होती. बँजोला पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या अर्ध्यावरच. ती अंगठ्याने सारखी छेडत राहायची आणि बाकीच्या तारांवर गाणं वाजवायचं. दोन मिनिटं झाली नाहीत तोच बाबा माझ्या कानाशी: “अगं, हा चिकारी वाजवतोय!” (सतारीच्या कडेच्या, सारख्या छेडायच्या तारा त्या चिकारी.) मी “श्‌” केलं. पुढे द्रुत आलं, तीन बोटांच्या नख्या धडाधड चालू लागल्या, आणि बाबा खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले, “वा! काय तयारी आहे!” दोन टेबलं वळली. बँजोवाल्याने मान वर करून बाबांकडे पाहिलं आणि पुढच्या फेरीला तीच जागा पुन्हा घेतली. मुद्दाम की ओघात, ते त्यालाच माहीत.

कार्यक्रम संपला की कलाकार दाराशी टेबल मांडून स्वतःच सीडी आणि टी-शर्ट विकतात. आमच्याकडे सीडी वाजवायला काही उरलेलं नाही, तरी बाबा रांगेत उभे राहिले. त्यांना नख्या बघायच्या होत्या. बँजोवाल्याने काढून दिल्या: तर्जनी आणि मधल्या बोटाला धातूच्या, अंगठ्याला प्लास्टिकची. बाबांनी आपलं बोट पुढे करून सतारीची नखी कशी बसते ते दाखवलं. मग तो सांगू लागला की बँजो मूळचा आफ्रिकेच्या परंपरेतला, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या हातून इथे घडलेला. आखूड तार तिथलीच. पुढे एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून तो रंगमंचावर नेला, आणि नंतर लोक समजू लागले की हे डोंगरातल्या गोऱ्यांचंच वाद्य. रिअ‍ॅनन गिडन्ससारख्या काळ्या वादकांनी गेल्या वीसेक वर्षांत तो विसर खोडून काढायचं काम घेतलंय. बाबा मान हलवत होते, पण अमेरिकन उच्चारांतून त्यांच्यापर्यंत किती पोचत होतं कोण जाणे. तेवढ्यात तो म्हणाला की पहिल्या बँजोचं पोट भोपळ्याचं असायचं. मी भाषांतर करायच्या आत बाबा उडालेच.

“भोपळा? त्याला सांग, आमचाही भोपळाच. म्हणावं पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, आणि सतारी होतात मिरजेला. सतारमेकर गल्ली. एकदा ये म्हणावं.”

मी सांगितलं. त्याने मिरज कुठे आहे ते विचारलं. बाबांनी सीडीचं पाकीट उलटं केलं, त्याच्याच सहीच्या पेनाने मुंबई काढली, पुणे काढलं, कृष्णा काढली. मागे रांगेतली मंडळी कोट घालून टी-शर्ट हातात धरून उभी होती. “बाबा, चला आता, लोक थांबलेत,” मी म्हटलं.

“थांब गं,” बाबा म्हणाले, “त्याला स्टेशनवरून रिक्षा कुठून करायची ते सांगू दे.”