एनएमएमएसच्या अर्जासाठी माणदेशात तीन दिवस

भाची आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेत निवडली गेली, तेव्हा ताईने गावभर पेढे वाटले. नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. दाजींच्या कोरडवाहू शेतात ज्वारी साधली तर साधली, त्यामुळे या रकमेवर घराने बरंच काही बांधून ठेवलं होतं. नववीचं पहिलं सत्र संपलं तरी पोर्टलवर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकला नाही. ताई शाळेत दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा "होईल, बघू" एवढंच ऐकून परतली. शाळेकडून अर्ज तपासायच्या मुदतीला बारा दिवस उरले, तेव्हा मी कंपनीतून रजा काढली आणि निघाले.

सकाळी सहाला स्वारगेटहून एसटी पकडली. फलटणच्या पुढे मोगराळे घाट चढला की माणदेश सुरू होतो आणि हवा एकदम कोरडी लागते. महिलांना अर्धं तिकीट असल्याने प्रवास स्वस्तात झाला. दहिवडीहून गावापर्यंत वडापने, म्हणजे सीट भरून चालणाऱ्या खासगी जीपने, गेले. या मार्गाने कोणी जाणार असेल तर पहिलीच गाडी धरा, कारण दहिवडीपुढे वडाप माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि सकाळ तिथेच जाते.

पहिली चूक माझीच झाली. शाळा भरताना, अकराला, मी दारात हजर. परिपाठ, हजेरी, खिचडीचा हिशेब, आणि ज्या बाईंना भेटायचं त्यांचे सलग तीन तास. आदल्या दिवशी फोन करून बाईंचा मोकळा तास कोणता एवढं विचारलं असतं, तर दोन तास वाचले असते. तुम्ही ते नक्की विचारा. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी जाऊ नका.

दुपारी बाई भेटल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत माझा राग उतरला. शिष्यवृत्तीचं काम बघणारे सर संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदलून गेले होते. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर शाळेचे नोडल शिक्षक, म्हणजे शाळेतर्फे अर्ज तपासणारे शिक्षक, म्हणून अजून त्यांचंच नाव आणि त्यांचाच मोबाइल. फोनवरून ओटीपी त्यांनी आनंदाने सांगितला असता, पण आता नोडल शिक्षकाचं आधार प्रमाणीकरणही लागतं, ते दुसऱ्याच्या नावावर होत नाही. बाईंकडे दोन वर्ग, यू-डायसवर शाळेची माहिती भरायचं काम, वर बीएलओ म्हणून मतदार याद्यांचं काम. कोणी टाळत नव्हतं. काम कोणाच्या नावावरच नव्हतं, हे खरं दुखणं. भाचीसह शाळेतल्या तीन मुलांचे अर्ज शाळेच्या पातळीवर अडकून पडले होते.

हे आधी समजून घ्या. विद्यार्थ्याने पोर्टलवर अर्ज भरला म्हणजे काम संपत नाही. तो आधी शाळेचे नोडल अधिकारी तपासतात, मग जिल्ह्याचे. विद्यार्थ्याची मुदत वेगळी, शाळेची वेगळी. "आम्ही तर वेळेत भरला" म्हणून गप्प बसणाऱ्या घरांचे पैसे याच दोन मुदतींच्या मधल्या दिवसांत बुडतात. आणि शाळेत गेल्यावर "अर्जाचं काय झालं?" असं विचारू नका. "पोर्टलवर पहिल्या पातळीची पडताळणी झाली का, नोडल शिक्षक कोण आहेत?" असं विचारा. नेमकं विचारलं की समोरचा माणूस संगणक उघडतो.

मुख्याध्यापक सर भले निघाले. मी म्हटलं, "सर, बाईंचं नाव नोडल म्हणून द्यायचं पत्र तुम्ही करा, साताऱ्याला घेऊन जायचं मी बघते." त्यांनी लगेच कार्यालयातल्या भाऊसाहेबांना बोलावलं. शाळेच्या लेटरहेडवर पत्र, यू-डायस क्रमांक, बाईंच्या आधारची आणि ओळखपत्राची प्रत, सही, शिक्का. शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून मी पत्र पुन्हा करून घेतलं. बाहेरगावच्या कार्यालयात पुसट शिक्क्यापायी दुसरी खेप कोणाला परवडते?

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आणि मी पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला जिल्हा परिषदेत, योजना शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. शाळेचा माणूस सोबत असल्याने काम सोपं झालं. नुसत्या पालकाचं तिथे कोणी किती ऐकलं असतं, मला शंका आहे. भाऊसाहेबांचं तिकीट आणि जेवण मी केलं, ते नको नको म्हणत होते. दुपारी तीनला बाईंच्या मोबाइलवर नवीन लॉगिनचा संदेश आला. बाईंनी वर्गातूनच फोन केला, "ताई, आलं!" बसस्थानकावर मला खरंच भरून आलं.

त्या संध्याकाळी घरी भाचीचे कागद लावले. एनएमएमएसचा निकाल, आठवीचं गुणपत्रक, आधार, पासबुक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाखांची आहे आणि तलाठ्याचा कागद दाखला म्हणून चालत नाही, त्याच्या आधारे तहसीलचा काढावा लागतो. सगळ्यांच्या दोन दोन प्रती. बँकेतही एक फेरी झाली. पाचवीत उघडलेलं भाचीचं खातं वापराविना बंद पडलं होतं. ही रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच येते, तेव्हा तुमच्या मुलाचं आधार नेमकं कोणत्या खात्याला जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर बघून ठेवा. आणखी एक. अर्ज सायबरवाल्याकडे भरलात तरी मोबाइल नंबर घरचाच द्या. भाचीच्या अर्जात दुकानदाराचा नंबर होता. पोर्टलवरच्या एकदाच करायच्या नोंदणीचा चौदा आकडी ओटीआर क्रमांकही घरी कुठेच लिहिलेला नव्हता, तोही त्याच्याच वहीत सापडला.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई, मी आणि तिन्ही मुलं संगणकासमोर बसलो. भाचीचा अर्ज पाच मिनिटांत झाला, दुसऱ्या मुलीचाही. तिसऱ्या मुलाच्या अर्जात वार्षिक उत्पन्न ५४,००० लिहिलेलं आणि दाखल्यावर ४५,०००. बाईंचा हात रिजेक्टवर जात होता. मी थांबवलं. अशा वेळी अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवायचा असतो, म्हणजे विद्यार्थी चूक सुधारून पुन्हा देऊ शकतो. रिजेक्ट केला की त्या वर्षापुरता विषय संपतो. आपल्या शाळेतल्या शिक्षकांना हा फरक आधीच, प्रेमाने, सांगून ठेवा. त्यांना कोणी प्रशिक्षण दिलेलं नसतं.

अर्ज परत आला, पण मुलाच्या लॉगिनचा ओटीपी वडिलांच्या फोनवर जात होता आणि वडील मेंढरं घेऊन कराडकडे गेलेले. माणातली मेंढपाळ घरं पाऊसकाळ संपला की चाऱ्यामागे अशीच उतरतात. फोन बंद. शिपाईमामा सायकलवरून जाऊन मुलाच्या आजीला घेऊन आले. आजीने पत्र्याची पेटीच डोक्यावरून आणली होती. दाखल्याची मूळ प्रत तिच्यातच, तिच्या लुगड्याच्या घडीत मिळाली. फोन लागेपर्यंत बाईंनी घरी जायचं नाव काढलं नाही. त्यांचं स्वतःचं लहान मूल शेजारणीकडे होतं. त्या अवधीत मी त्यांच्याकडून पुढच्या वर्षाचं समजून घेतलं. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, आपोआप होत नाही. अकरावीला शिष्यवृत्ती चालू राहायची तर दहावीत ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५५. आणि अकरावीचं कॉलेज अनुदानित किंवा सरकारीच निवडायचं. प्रवेश घेतला की त्याच आठवड्यात तिथले नोडल शिक्षक कोण ते विचारायचं.

साडेसहाला फोन लागला. कोणाच्या तरी वस्तीवर चार्जिंगला लावला होता म्हणे. मागे मेंढरांचा आवाज. मुलाने सांगितलं, "आबा, आत्ता मेसेज यील, आकडं वाचा." आबांनी एकेक आकडा दोनदा वाचला, मुलाने टाइप केला, उत्पन्न ४५,००० केलं, बाईंनी त्यांच्या लॉगिनमधून पडताळणी दिली. आबा फोनवरच होते. "झालं का रं?" त्यांनी विचारलं. आजीने मुलाच्या हातातून फोन घेतला आणि मोठ्याने सांगितलं, "झालं, झालं. तू जेव आता."