तुम्ही विचारलेत म्हणून: लेट्यूसचे बी

हिवाळ्यात आमच्या गच्चीवरचे ओंजळीत मावतील एवढे लेट्यूसचे गड्डे पाहिले की पाहुणे हमखास विचारतात, ‘आमच्याकडे हे बी उगवतच नाही, तुमच्याकडे कसे उगवते?’ तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी ते माझ्याकडेही उगवले नव्हते. पुण्यातल्या ऑक्टोबरच्या उन्हात, धणे रगडून कोथिंबीर पेरायच्या सवयीने, मी ते बी चांगले बोटाच्या पेरभर मातीखाली दडपले, दोन आठवडे इमानाने पाणी घातले आणि शेवटी दुकानदाराने जुने बी गळ्यात मारले अशी स्वतःची समजूत घातली. दुकानदार बिचारा निर्दोष होता. या बियाण्याला उगवण्यासाठी गारवा लागतो आणि उजेडही लागतो, आणि मी त्याला दोन्हींपासून वंचित ठेवले होते.

लेट्यूसच्या बियाण्याला साधारण १५ ते २० अंश सेल्सियस तापमान मानवते. माती तिशीच्या आसपास तापली की बऱ्याच जातींचे बी मरत नाही, पण सुप्तावस्थेत जाते. उजेडाची गोष्ट तर अधिक नवलाची आहे. अमेरिकेत मेरिलँड राज्यातल्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांवर तांबडा प्रकाश पाडला तेव्हा त्या उगवल्या, त्यापाठोपाठ तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश पाडला तेव्हा बहुतेक उगवल्या नाहीत, आणि हा खेळ कितीही वेळा उलटसुलट केला तरी शेवटी कोणता प्रकाश पडला यावरच निकाल ठरला. वनस्पतींना प्रकाशाची जाण देणाऱ्या फायटोक्रोम या रंगद्रव्याचा माग यातूनच लागला. एवढे वाचल्यावर बी पुरण्याचे धाडस मी पुन्हा केले नाही.

आता मी दिवाळीनंतर, रात्री गारठू लागल्या की पेरतो. घाई असेल तर बी ओल्या कागदावर पसरून, झाकणाच्या डबीत घालून, तीन दिवस फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतो. पेरणी संध्याकाळीच करतो, कारण बी पाणी शोषते ते पहिले काही तास गारव्यात गेलेले बरे. कोकोपीट आणि गांडूळखत समभाग घेऊन ते पसरट ट्रेमध्ये भरतो, ओले करतो, त्यावर बी विखुरतो आणि तळहाताने हलके दाबतो. वर माती घातलीच तर चिमटीतून भुरभुरवण्याइतकीच. झारीच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात जमते, म्हणून पाणी फवाऱ्याने द्यावे. चार-सहा दिवसांत अंकुर दिसतात. त्यानंतर मात्र हात आखडावा, कारण सतत चिंब राहिलेल्या मिश्रणात कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात.

कुंडीसाठी मी ‘लिटल जेम’ आणि ‘टॉम थंब’ या जाती निवडतो. पहिली उभट, कुरकुरीत पानांची. दुसरी गोल, लोण्यासारख्या मऊ पानांची. आइसबर्गला आमच्या गच्चीचा थोडका हिवाळा पुरत नाही, आणि खरे सांगायचे तर त्याला चवही बेताचीच असते. चार-पाच पानांची रोपे १५ ते २० सेंटीमीटर अंतरावर लावतो, म्हणजे १२ इंची कुंडीत तीन. चौथे कोंबण्याचा मोह फार होतो, पण दाटीत गड्डा नीट धरत नाही.

पेरणीपासून दोन महिन्यांच्या आत गड्डा दाबून घट्ट लागला की तो सकाळी लवकर कापावा. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते असे आपल्याकडे म्हणतात. तिच्या मागोमाग या रोपांचा दांडा उंच होऊ लागतो, कापल्यावर पांढरा चीक दिसतो आणि पाने कडू होतात. तेव्हा मी एकच धट्टेकट्टे रोप राखून ठेवतो. त्याला बारीक पिवळी फुले येतात, ती वाळून म्हातारीसारखे पांढरे पुंजके दिसू लागले की मी ते कागदी पिशवीत झटकून घेतो. लेट्यूसमध्ये बहुतांशी स्वपरागीभवन होत असल्याने पुढच्या वर्षी साधारण तोच गड्डा मिळतो. यंदाचे बी पाकिटात घालून, वर साल लिहून, फ्रिजमध्ये ठेवले आहे; त्यातले चिमूटभर तुमच्यासाठी बाजूला काढतो, मात्र दिवाळीआधी मागू नका.