भिंतीवरचा आकडा आणि पिंजऱ्यातली हवा

पावसाळ्यात गोव्यातल्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये (प्रयोगांसाठीचे उंदीर ठेवायची जागा) तापमान सांभाळणं सोपं, आर्द्रता सांभाळणं कठीण. बाहेर 25-26 अंश आणि स्प्लिट एसी 23 वर लावलेला असेल, तर खोली लगेच गार होते आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र फिरतच राहतो आणि कॉइलवर साचलेलं पाणी परत हवेत सोडतो. भिंतीवरच्या डिस्प्लेवर तापमान अगदी बरोबर दिसतं आणि आर्द्रता 80 टक्क्यांवर गेलेली असते. उंदरांसाठी ती 30 ते 70 टक्क्यांत हवी. थर्मोस्टॅट आणखी खाली नेला तर उंदीर गारठतील, कारण त्यांना खरी ऊब 30 अंशांच्या आसपास मिळते. म्हणून तर प्रत्येक पिंजऱ्यात 8-10 ग्रॅम घरट्याचं साहित्य द्यायचं. आर्द्रतेसाठी वेगळा डीह्युमिडिफायरच (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) लागतो. तो खोली तापवतो, ते एसीच्या हिशेबात आधीच धरा.

तापमान-आर्द्रतेचा सेन्सर पिंजऱ्याच्या आत ठेवू नका, वायर कुरतडली जाते. हवा खेळत्या रॅकमध्ये तो पिंजऱ्यातून बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेत बसवा, आणि एक खोलीत. दोन्हींतला फरक वाढत गेला की बेडिंग (पिंजऱ्यातलं अंथरूण) ओलं झालंय किंवा बाटली गळतेय. ओल्या बेडिंगमध्ये जिवाणू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. पिंजरा बदलताना घरट्याचा कोरडा भाग नव्या पिंजऱ्यात न्या, मळलेलं बेडिंग नको. त्याने नर कमी भांडतात.

एसएचटी-31 सारखा सेन्सर साधारण 2 टक्क्यांपर्यंत अचूक असतो, पण दमट हवेत त्याचा आकडा हळूहळू सरकतो. तपासायला मीठ पाण्यात लापशीसारखं ओलं करून झाकणबंद बरणीत ठेवा, सेन्सर वर टांगा (मिठाला लागू देऊ नका) आणि रात्रभर सोडा. 25 अंशांना 75 टक्के दिसायला हवं. जंतू मारायला हायड्रोजन पेरॉक्साइडची धुरी देण्याआधी सेन्सर काढून घ्या, नाहीतर त्याचा पातळ थर खराब होतो.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे दिव्यांचा टायमर. मेकॅनिकल टायमर वीज गेली की थांबतो. दोन तास वीज नसली तर उंदरांची रात्र दोन तास पुढे सरकते, आणि आपल्याकडे पावसात हे किती वेळा होतं ते सांगायला नको. मग रात्रीच्या हालचालीच्या नोंदी विचित्र दिसतात आणि दोष चाचणीतल्या औषधाला जातो. बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचा टायमर घ्या, शेजारी लक्स-लॉगर (उजेडाची नोंद ठेवणारं यंत्र) ठेवा. राउटर, कॅमेरा यांचे इवलेसे दिवे काळ्या टेपने झाका. अंधारातल्या कॅमेऱ्याला 940 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश द्या, तो उंदरांना दिसत नाही.

कानाला न ऐकू येणारा आवाजही तपासा. स्वस्त अ‍ॅडॅप्टर अल्ट्रासोनिक किरकिर करतात आणि उंदरांना ती ऐकू येते. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचे स्पीकर आपल्या हातात नाहीत. निदान त्या रात्रीची नोंद वेगळी ठेवा.

मोजमाप 5 मिनिटांनी पुरे. अलार्मला 15 मिनिटांची सवड द्या, नाहीतर दार उघडलं तरी फोन वाजतो आणि लोक तो म्यूट करतात. वीज गेली की वायफायही जातं, म्हणून यूपीएसवर सिमकार्डवाला मोडेम हवा. महिन्यातून एकदा मेन स्विच पाडा आणि मेसेज कोणाकोणाला पोचतो ते बघा.