सिनेमाच्या आधी गाण्यांना तारे: माझा अनुभव

मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या शुक्रवारच्या पुरवणीत मी बरीच वर्षं नवीन अल्बमची परीक्षणं लिहायचे, नोकरी नव्हती, लेखामागे पैसे. लोकांना वाटतं समीक्षक म्हणजे मोठ्या स्पीकरसमोर डोळे मिटून बसलेला कोणीतरी जाणकार. कसलं काय. म्युझिक कंपनीचा पीआरवाला सोमवारी ऑफिसात पाकीट टाकून जायचा, ते माझ्या हातात यायला मंगळवार उजाडायचा आणि बुधवारी रात्री कॉपी द्यायचीच कारण गुरुवारी दुपारी पान लागायचं. म्हणजे जो अल्बम कोणी वर्षभर खपून केलाय त्याचा निकाल मी दोन रात्रींत लावायचा, तोही अडीचशे शब्दांत आणि वर एक चौकट, त्यात तारे.

पाकिटात सीडी आणि एक प्रेस नोट. प्रेस नोट कधी वाचू नये, त्यात प्रत्येक अल्बम त्या वर्षातला सगळ्यात मेलोडियस असतो.

तेव्हा हिंदी सिनेमाची गाणी सिनेमाच्या आधी तीनचार आठवडे तरी बाजारात यायची. त्यामुळे मी जे ऐकतेय ते कोणत्या प्रसंगाला आहे, कोण कोणासाठी गातंय, हे काहीच माहीत नसायचं, फार तर टीव्हीवर एखादा प्रोमो दिसलेला. सुरुवातीला मला हे फार अन्यायाचं वाटायचं. गाणं लिहिलं सिनेमातल्या जागेसाठी आणि मी त्याला त्या जागेवरून उचलून तपासणार? पण हळूहळू माझं मत पार उलटं झालं आणि आजही तेच आहे, की गाण्याला खरा न्याय त्या तीनचार आठवड्यांतच मिळायचा. हिरो नाही, बर्फाचे डोंगर नाहीत, पन्नास जणांचा डान्स नाही. चाल, शब्द, आवाज आणि वाद्यं, बास. एकदा पडद्यावर बघितलं की संपलं, मग आपण गाण्यावर बोलतोय का हिरोइनच्या साडीवर हे आपल्यालाही कळत नाही.

ऐकायची माझी पद्धत ठरलेली. पहिल्यांदा सीडी लावून स्वयंपाकघरात कामाला लागायचं, काही लिहायचं नाही, फक्त कुठे हात थांबतो ते बघायचं. मग रात्री सगळे झोपले की हेडफोन, इनले कार्ड म्हणजे सीडीच्या डबीतलं छापील कार्ड, आणि पेन्सिल. मुखडा सगळेच बरा करतात हो, कारण रिंगटोन त्याचीच होणार असते. मी अंतऱ्याकडे बघते. अंतऱ्याला स्वतःची चाल आहे की मुखडाच जरा वर नेऊन ठेवलाय, अंतऱ्यातून मुखड्यावर परत येताना गाणं कसं येतं, मधल्या म्युझिकमध्ये खरंच कोणी बासरी वाजवलीय की कीबोर्डवरून काढलीय, शब्द ऐकू येतात की ढोलाखाली गेले. तिसरं ऐकणं लोकलमध्ये, साधे इयरफोन लावून. हेडफोनमध्ये भारी वाटलेलं अरेंजमेंट दादर येईपर्यंत पार विरघळतं आणि एखादं साधंसं गाणं मात्र एवढ्या गोंगाटातही टिकतं. हे मी परीक्षणात कधी लिहिलं नाही पण ताऱ्यांवर त्याचा परिणाम व्हायचाच.

इनले कार्ड मी फार जपायचे. तोच आमचा कागदोपत्री पुरावा, कुठलं गाणं कोणी गायलं, कोणी लिहिलं, गिटार कोणाची. २००९ च्या सुरुवातीला आलेल्या 'देव डी'ची गाणी सिनेमाच्या आधीच हातात आली, तब्बल १८ ट्रॅक, आणि त्यातल्या बँडबाजावाल्या गाण्याच्या गायकांची नावं होती बँडमास्टर रंगीला आणि रसीला. हे कोण बुवा? खऱ्या लग्नाच्या बँडमधली माणसं धरून आणली की काय असंच वाटावं असा तो आवाज. नंतर कळलं की ते दोघे म्हणजे संगीतकार अमित त्रिवेदी आणि गीतकार अमिताभ भट्टाचार्य. पुढे याच अल्बमसाठी त्रिवेदीला नॅशनल अवॉर्ड मिळालं. बहुतेकांना तेव्हा नावही माहीत नसलेला माणूस, सिनेमा अजून यायचाय, १८ ट्रॅक, आणि तुम्हाला बुधवारपर्यंत ठरवायचंय की हे भन्नाट आहे का नुसतं विचित्र आहे. या कामात मला खरी मजा आली ती अशाच वेळी.

आता तारे. माझा नियम होता की आधी मजकूर, मग तारे. पान लावणाऱ्या डेस्कला नेमकं उलटं हवं असायचं कारण चौकट आधी डिझाइन व्हायची, मग मंगळवारीच फोन, "ताई, स्टार किती ते तेवढं सांगून ठेवा ना." अहो, अजून ऐकला कुठेय! पाचपैकी तारे असायचे आणि व्यवहारात त्यातले दोन, तीन, चार एवढेच चालायचे. एक तारा दिला तर एवढ्या वाईट अल्बमला जागाच कशाला दिली असं संपादक विचारणार, पाच म्हणजे अजरामर, ते दोन रात्रींत कोण ठरवणार. चार दिले की संपादक सर विचारायचे, एवढं काय आहे त्यात? दोन दिले की पीआरवाल्याचा फोन, आवाज गोड, मॅडम पुन्हा एकदा ऐकून बघा ना. तीनला कोणीच काही विचारत नाही. म्हणून पेपरात तीन ताऱ्यांचा एवढा सुकाळ असतो, चांगल्यातल्या चांगल्या समीक्षकाचाही हात शेवटी तिथेच जातो. साडेतीन द्यावेसे वाटले तर पंचाईत, आमच्या पानाच्या फॉन्टमध्ये अर्धा ताराच नव्हता, पुढे कधीतरी डिझाइनच्या एका मुलाने तो हाताने काढून दिला आणि मग महिनाभर सगळेच अल्बम साडेतीनचे झाले.

एकदा मजकुराखाली त्याच कंपनीची पाव पान जाहिरात आली होती. माझ्या कॉपीतला शब्दही कोणी बदलला नाही, खरं सांगते, पण दोनाचे तीन झाले. मी विचारलं तर म्हणाले प्रिंटिंगला चुकलं असेल. तेव्हापासून मी मजकूरच असा लिहायला लागले की तारे कितीही छापा, वाचणाऱ्याला खरं काय ते कळेल.

बाहेर हे कसं करतात याचं मला कुतूहल होतंच. अमेरिकेत रॉबर्ट ख्रिस्टगाऊ हा समीक्षक १९६९ पासून शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे ए, बी, सी असे ग्रेड देत आला, प्लस-मायनससकट. पिचफोर्क या संगीताच्या वेबसाइटवाले तर ० ते १० दशांशात देतात. ७.८ आणि ७.९ मधला फरक नेमका कुठल्या कानाला ऐकू येतो ते मला कोणीतरी समजावून सांगा. न्यूयॉर्क टाइम्स अल्बमच्या परीक्षणाला तारेच देत नाही, मला हे आवडतं, पण परीक्षणं गोळा करणारं मेटाक्रिटिक सगळ्यांचे आकडे १०० पैकी करून सरासरी काढतं आणि ज्याने आकडा दिला नाही त्याचं परीक्षण वाचून तिथलेच लोक आकडा ठरवतात. म्हणजे सुटका नाही. आणि २०२४ मध्ये टेलर स्विफ्टच्या नव्या अल्बमचं परीक्षण पेस्ट या ऑनलाइन मासिकाने लेखकाचं नाव न देता प्रसिद्ध केलं, कारण २०१९ मध्ये तिच्या आधीच्या एका अल्बमवर लिहिणाऱ्याला चाहत्यांकडून धमक्या आल्या होत्या. मला फार तर एक पोस्टकार्ड आलं, की बाईंना ढोलकीतलं काही कळत नाही.

दोन रात्रींची मुदत सगळ्यात जाचायची ती रहमानच्या बाबतीत. त्याची गाणी हळूहळू चढतात हे सगळेच म्हणतात, ते खरंच आहे, पहिल्या ऐकण्यात काही हाताला लागत नाही. मग करायचं काय? चढेल असं गृहीत धरून जास्तीचा एक तारा द्यायचा? तो तर अंदाज झाला, परीक्षण नाही. मी मजकुरात सरळ लिहायचे की ही अमुक दोन गाणी अजून मला उलगडलेली नाहीत. सरांना हे वाक्य बिलकुल चालायचं नाही, वाचकाला ठाम मत हवं म्हणून. मी ते लिहीतच राहिले, त्यांनी निम्म्या वेळा कापलं.

मग २०१३ ला 'आशिकी २' आला, एका अल्बमला तीन संगीतकार, गाणी तुफान चालली आणि त्यानंतर एकामागून एक असे वाटून दिलेले अल्बम यायला लागले. आता अल्बम म्हणून कशाला तारे द्यायचे? प्रत्येक गाण्याची ओळख वेगळी, त्यात रिमिक्स, अनप्लग्ड, सॅड व्हर्जन, रिप्राइझ अशी भरती. मी रिमिक्स मोजणं सोडूनच दिलं. २०१६ ला 'सैराट' आला, चारच गाणी, भरतीचं एकही नाही, पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केलेला. चार गाण्यांचा अल्बम आणि १८ ट्रॅकचा अल्बम एकाच पाच ताऱ्यांत कसे बसवायचे ते मला आजही कोणी सांगितलेलं नाही.

आता तर गाणं आधी यूट्यूबवर व्हिडिओसकट येतं, एकेक करून, पूर्ण अल्बम होईपर्यंत लोकांचं ऐकून झालेलं असतं. पाकीट बंद झालं, त्याऐवजी दोन दिवसांत एक्स्पायर होणारी लिंक येते आणि गाणं कोणी वाजवलंय ते लिहिलेलंच नसतं, म्हणून मी हल्ली वादकांची नावं विचारायला स्वतःच अरेंजरला, म्हणजे वाद्यांची रचना करणाऱ्याला, फोन करते. बहुतेक जण आनंदाने सांगतात. पुरवणीतली आमची चौकट गेली, अल्बमवर अधूनमधून दीडशे शब्द मागतात, ते सिनेमाच्या परीक्षणाखाली लागतात आणि तारे फक्त सिनेमाला असतात.