पट्टीतला एक खाना

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचा पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचा, प्रोग्राम मी बरीच वर्षं सांभाळतोय. गुळाच्या रव्यांचं, म्हणजे ढेपांचं, वजन, सौद्यात निघालेला दर, त्यातून हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम, एवढाच त्याचा पसारा.

दिवाळी पाडव्यानंतर हंगाम भरात असताना सकाळी दुकानाचा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींचा फोन आला. "सर, नवा स्क्रीन लावलाय आणि हमालीचा आकडाच दिसंना झालाय. या की लवकर. माणसं खोळंबल्यात."

जाऊन पाहिलं तर विंडोजचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठं करून दाखवायची सोय, १२५ टक्क्यांवर होतं. अक्षरं मोठी झाली होती, खाने मात्र होते तेवढेच. जुना प्रोग्राम सी भाषेत, थेट विंडोजच्या मूळ फंक्शनांवर लिहिलेला. त्यात प्रत्येक खाना ही स्वतंत्र खिडकी; तिची जागा, रुंदी, उंची पिक्सेलमध्ये, फॉन्ट वेगळा कळवायचा, मेसेज वेगळे पकडायचे. मधे एक खाना घालायचा तर खालचे सगळे सरकवायचे.

लॅपटॉपवर मी त्याची पायथॉन भाषेतल्या टीकेइंटरमधली आवृत्ती बनवत होतो. टीके हा स्क्रीनवरच्या खिडक्या, खाने, बटणं बनवायचा तयार संच; जॉन औस्टरहाउट यांनी तो टीसीएल या प्रोग्रामिंग भाषेसाठी बर्कले विद्यापीठात तयार केला. पायथॉनमधून तो वापरायचा, तो टीकेइंटरमार्फत. त्यावर मी माझा एक पातळ थर चढवला होता. मुख्य फंक्शनचं नाव 'ओळ'. पायथॉन ३ ला देवनागरी नाव चालतं. 'ओळ'ला फक्त "हमाली" सांगायचं. लेबल, खाना, त्यातला आकडा धरून ठेवणारं व्हेरिएबल आणि आडव्या-उभ्या चौकटींच्या ग्रिडमधली पुढची जागा, हे सगळं ती बघते. रुंदी अक्षरांच्या हिशेबात असल्यामुळे फॉन्ट वाढला की खानाही वाढतो.

एक गोष्ट मी मुद्दाम जपली होती. 'ओळ' टीकेचा मूळ खाना माझ्या हातात परत देते, म्हणजे लागेल तेव्हा त्यात थेट बदल करता येतो. थरानं खालचं यंत्र झाकून टाकलं, की अडीनडीला हात घालायला जागाच राहत नाही, असं माझं ठाम मत आहे.

नवी आवृत्ती तिथंच चालू केली. दिवाणजींनी वजन टाकून एंटर मारला आणि थांबले. "हे पुढं जाईना की!" टीकेमध्ये पुढच्या खान्यावर जायला टॅब लागतो, आणि दिवाणजींचा उजवा हात नंबरपॅडवरून उठत नाही. त्यांच्या हातात वर्षानुवर्षं बसलेली ती लय मी बदलायला सांगणार नव्हतो. एंटर दाबला की कर्सर पुढच्या खान्यावर, एवढं 'ओळ'मध्ये एकदाच जोडलं. सगळ्या खान्यांना ते लागू झालं.

मग ते म्हणाले, "तोलाईखाली उचलीचा, शेतकऱ्यानं आगाऊ घेतलेल्या पैशांचा, खाना घालता येईल का? आत्ता हातानं वजा करतोय."

"तोलाई"च्या खाली "उचल"ची एक ओळ लिहिली, बेरजेत एक वजाबाकी वाढवली. जुन्या प्रोग्राममध्ये याच कामाला मी दोन दिवस मागितले असते. दिवाणजींनी उचल टाकली, एंटर मारला, छापलेली पट्टी वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिली आणि मान वर न करता पुढचं नाव पुकारलं.